मॅडम ओरडल्या की बाहेर

सिस्टरच्या घरात भिंतीवर काहीही नव्हतं. देव, घड्याळ, कॅलेंडर, आरसा, आईवडिलांचा फोटो, सगळं जमिनीवर. महालक्ष्मीची तसबीर पाटावर उताणी, तिच्या शेजारी आईवडील उताणे, आणि घड्याळ छताकडे तोंड करून टिकटिकत पडलेलं. किती वाजले ते बघायला विहिरीत डोकावल्यासारखं वाकावं लागे. नवीन माणूस घरात आलं की आधी दचकायचं. त्याला वाटायचं, घरात कुणीतरी गेलंय आणि सामान हलवणं चाललंय.

"जे डोक्याच्या वर आहे ते माझं नाही," सिस्टर म्हणायच्या. "ते पडायचं आहे, एवढंच."

आमच्याकडे जमीन हलते. डहाणू-तलासरीकडच्या माणसाला हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. पहिल्यांदा हलायला लागली त्या हिवाळ्यात जवळजवळ रोज हलायची. आधी जमिनीच्या पोटातून आवाज येतो, लांब कुठेतरी सुरुंग लावल्यासारखा. मग मांडणीवरची भांडी वाजतात. मग कौलं. तेव्हा सरकारने तंबू दिले, शाळेत मुलांना बाकाखाली बसायला शिकवलं. पुढे कमी झालं, पण बंद झालं नाही. महिनोन्‌महिने काही नसतं आणि एखाद्या दुपारी भाकरी टाकायला जावं तर तवाच सरकतो. हलतं तेव्हा माणूस घाबरतो ते ठीक आहे. खरी भीती हलत नसतं तेव्हाची. चहा पिताना कान जमिनीकडे असतो.

सिस्टर म्हणजे आमच्या आरोग्य केंद्रातल्या नर्स. मी तिथेच आया होते. तीस वर्षं त्यांनी बाळंतपणं केली आणि त्यांच्या मागून मी फरशी पुसली. दवाखान्यात आयाला सगळे मावशी म्हणतात. सिस्टर माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या, तरी मला मावशीच म्हणायच्या. दोघी घरी बसलो तरी ते सुटलं नाही. त्यांनी लग्न केलं नव्हतं. माझा नवरा गेला होता आणि मुलगी सासरी. त्यांनी गावात छोटं घर बांधलं होतं, त्याची मागची खोली त्यांनी मला दिली. "या, तुम्ही झाडता ते मला आवडतं," एवढंच म्हणाल्या. आणखी काही बोलायची त्यांना सवय नव्हती.

हातातलं घड्याळ त्या मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, नाडी मोजताना दिसावं म्हणून. नोकरी संपली तरी तसंच. बोलता बोलता समोरच्याचा हात धरायच्या आणि नाडी मोजायला लागायच्या. पोस्टमनची मोजायच्या, भाजीवालीची मोजायच्या. एकदा मतं मागायला आलेल्या उमेदवाराने नमस्काराला हात पुढे केला, तर तो धरून अख्खं मिनिटभर गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही फार बोलू नका."

आणि त्यांचं ते एक वाक्य, जे तलासरीच्या पाड्यापाड्यांत माणसं आजही सांगतात. कुणीही काहीही घेऊन आलं, रडत, ओरडत, भांडत, तर सिस्टर म्हणायच्या, "आधी हात धुवा." एक माणूस दारू पिऊन कोयता घेऊन वॉर्डात शिरला होता, बायकोला मुलगी झाली म्हणून. त्यालाही हेच. तो इतका चक्रावला की कोयता खाली ठेवून खरंच नळाकडे गेला. कोयता मी उचलला. मूल दगावलं की बापाला सांगायच्या, "आधी हात धुवा, मग रडा." लोक म्हणायचे, बाई दगडाची आहे. मला तसं वाटलं नाही. मिनिटभर साबण लावून हात धुतलेला माणूस नीट रडतो. मी पाहिलंय.

तर अशी ही बाई. रक्ताला घाबरली नाही, सापाला नाही, कोयत्याला नाही. पण जमीन हलली की थरथर कापायची. दात वाजायचे. मी एकदा विचारलंच, "सिस्टर, एवढं काय?"

"रक्त कुठून येतंय ते शोधता येतं, मावशी. तिथे हात ठेवता येतो. इथे हात कुठे ठेवू?"

मी पडलेली भांडी उचलायला लागले.

त्या पायात चपला घालून झोपायच्या. गळ्यात शिट्टी, ढिगाऱ्याखाली सापडलं तर वाजवायला. प्रत्येक खोलीत ताटात स्टीलचे पेले एकावर एक उपडे रचलेले, जमीन हलली की खडखडून पडावेत म्हणून. ते जास्त वेळा मांजरीने पाडले. आणि आंघोळ. न्हाणीला त्या कडी लावायच्या नाहीत आणि मी दाराबाहेर टॉवेल घेऊन उभं राहायचं. एक तांब्या अंगावर ओतला की आतून आवाज यायचा, "मावशी, आहात ना?"

"आहे."

दुसरा तांब्या. "मावशी, आहात ना?"

"कुठे जाते आहे मी? तुमच्या टॉवेलासकट पळून जाऊ?"

पण हलायची नाही मी तिथून.

पहिल्या हिवाळ्यात त्या झोपल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. डोळे आत गेले, ब्लडप्रेशर वर गेलं. चिखल्याहून पुतण्या आला. त्यांचं माहेर तिकडचं, चिकूची वाडी, समुद्राला लागून घर. "आत्या, चल ना घरी. इथे काय आहे तुझं?"

"तिथे समुद्र आहे."

"तो तुझ्या लहानपणापासून आहे."

"आणि लहानपणापासून हलतोय. रोज. तुला दिसत नाही?"

त्याने हात जोडले. पण त्याच्या पाठीमागे सिस्टरनी बॅग भरली होती, मी पाहिली. दोनदा भरली, दोनदा सोडली. त्या गेल्या तर मी कुठे जाणार? मुलीकडे दोन खोल्यांत सहा माणसं. चिखल्याच्या घराशी माझा काय संबंध?

मग बदक आलं. कैनाडची एक बाई, तिची तिन्ही बाळंतपणं सिस्टरच्या हातची. ती एक दिवस फडक्यात गुंडाळून बदकाचं पिल्लू घेऊन आली. सिस्टरनी आधी तिला हात धुवायला लावले, मग पिल्लाला हातात घेतलं. मोठं झाल्यावर ते मान वर करून, एकेक कोपरा बघत, कशावरच समाधान नाही असं चालायला लागलं. सिस्टर म्हणाल्या, "अगदी तपासणीला यायच्या त्या मॅडम." तेव्हापासून तिचं नाव मॅडम. सिस्टर तिला अहोजाहो करायच्या. मी अगंतुगं. खाटेखाली तिचा मुक्काम, आणि सकाळी तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं की धावत यायची.

एका दुपारी सिस्टर पडवीत खाटेवर पडल्या होत्या. मॅडम एकदम खाटेखालून ओरडत, पंख आपटत अंगणात पळाली. कुत्रं आलं की काय म्हणून सिस्टर तिच्यामागे धावल्या. अंगणाच्या मध्यावर पोचल्या आणि जमीन हलली. पाच कौलं सुटून खाटेवर पडली. तीन पायाशी, दोन उशीवर.

मी उशी उचलून पाहिली. कापूस बाहेर आला होता.

त्या दिवशी घरात कायदा झाला. मॅडम ओरडल्या की बाहेर. मग हाताला पीठ असो की तोंडात घास. आता मी खरं सांगते. मॅडम सापाला ओरडायची, मोटारसायकलला ओरडायची, वाळत घातलेल्या परकराला ओरडायची. "बाहेर, मावशी!" आणि आम्ही दोन म्हाताऱ्या चपला फटफटवत अंगणात. वीस वेळा ओरडली असेल तर हललं दोनदा. पण सिस्टर झोपायला लागल्या. घरात, खाटेवर, घोरत. झोपलेल्या सिस्टर मला हव्या होत्या, म्हणून मी तोंड बंद ठेवलं. त्यांनी बॅग रिकामी करून माळ्यावर टाकली नाही, खाटेखाली ठेवली, आणि मला सांगितलं, "मॅडम आहेत तोवर मी इथे. मॅडम गेल्या की चिखल्याला."

माझं काय, हे मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

उशी फाटल्यापासून मी त्यांच्या मागे लागले होते, कौलं काढा, पत्रे टाका. "कौल पडलं तर टाके घालावे लागतील. पत्रा पडला तर टेंगूळ येईल." दोन उन्हाळे त्यांनी टाळलं, तिसऱ्याला ऐकलं. वापीला पत्र्याची कामं करणारा माझा भाचा आला आणि दोन दिवसांत छत करून गेला. अंगणभर पत्र्याच्या कातरणी, स्क्रू, आणि स्क्रूखाली बसवतात त्या गोल चकत्या, वायसर. झाडायचं काम अर्थात माझं.

तीस वर्षं मी बाळंतपणाची खोली झाडली. कधी कुणाच्या पायात सुई गेली नाही. त्या दिवशी मात्र ऊन होतं, कंबर दुखत होती. मोठे तुकडे मी गोळा केले. बारीक सगळं झाडूने लोटलं न्हाणीमागच्या खड्ड्यात, जिथे सांडपाणी जातं आणि केळ आहे. मातीत जाईल, म्हटलं.

तो खड्डा मॅडमचा होता. दिवसभर ती तिथेच चोच घालून चिखल चाळायची. हे मला माहीत होतं. रोज बघत होते. त्या वेळेला डोक्यात आलं नाही.

दहा-बारा दिवस गेले. एका सकाळी तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं आणि मॅडम आली नाही. केळीखाली बसली होती. उठायला गेली तर पाय फाकले. मान एका बाजूला कलत होती, ती सरळ करायची, पुन्हा कलायची. खालची घाण हिरवीगार, चटणीसारखी.

सिस्टरनी हात धुतले. मग तिला मांडीवर घेऊन पंखाखाली दोन बोटं ठेवली आणि मनगटातलं घड्याळ वर धरलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मोजता येत नाही, मावशी. फार भरभर आहे." त्यांच्या तोंडावर ते दिसलं, जे मी फक्त जमीन हलताना पाहिलं होतं. जमीन तर हलत नव्हती.

शेजारच्या चिकूवाडीवाल्या वहिनी कुंपणाशी आल्या. त्यांच्या पंधरा-वीस कोंबड्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "सिस्टरबेन, हा बर्ड फ्लू असला तर? माझ्या कोंबड्या जातील. पोत्यात घाला नि पुरून टाका, बदक काय दुसरं मिळेल."

सिस्टरनी मानही वर केली नाही. "वहिनी, तुमच्या धाकट्याच्या वेळी तुम्हाला तीन दिवस ताप होता. तेव्हा तुमच्या सासूबाई मला असंच म्हणाल्या होत्या. सून दुसरी मिळेल."

वहिनी आत गेल्या. पण वहिनींची भीती काही खोटी नव्हती, म्हणून सिस्टरनी स्वतःच जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

डॉक्टर तरुण होते, मोटारसायकलवर आले. मास्क लावला, हातमोजे घातले, आसपास कुठे पक्षी मेलेत का विचारलं. नव्हते. चोच उघडून पाहिली, पोट दाबलं, घाण पाहिली. मग वर छताकडे बघून विचारलं, "आजी, पत्रे नवीन टाकलेत?"

"पंधरवडा झाला," सिस्टर म्हणाल्या.

"मग वायसर नाहीतर स्क्रू गिळला असेल. बदक चिखल चाळून खातं, त्याला खडा आणि वायसर सारखाच. त्यावरचं जस्त पोटात विरघळतं आणि विष चढतं. एक्स-रेची सोय जवळ नाही. आपण तसंच समजून औषध सुरू करू."

"पण अंगण तर मावशींनी झाडलं," सिस्टर म्हणाल्या. "मावशींनी झाडल्यावर सुई राहत नाही. हो ना मावशी?"

मी बादली घेऊन उभी होते. "हो," म्हणाले.

एकच शब्द. खड्ड्यात लोटलं ती चूक होती, तिला मी एक वेळ चूक म्हणेन. हा शब्द चूक नव्हता.

डॉक्टर सिस्टरना औषधाचं समजावत होते तेवढ्यात मी मागे गेले आणि खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला. चिखलातून ओंजळभर निघाले. धुऊन कागदात बांधले आणि माझ्या पेटीत लुगड्याखाली ठेवले. खड्ड्यात चार घमेली माती ओतली. मी कधी घाबरत नाही असं लोक म्हणतात. मी जमिनीला घाबरत नाही, एवढंच त्यांना माहीत आहे.

इंजेक्शनं वापीहून मागवली. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, छातीच्या मांसात. ते सिस्टरना काय सांगायचं. अवघड होतं ते खाऊ घालणं. मॅडम चोच उघडत नव्हती. डॉक्टरांनी एकदा दाखवलं: जिभेच्या मागे जे भोक उघडझाक करतं ते श्वासाचं, तिथे नळी जाता कामा नये. त्याच्या उजव्या बाजूने हळूच खाली. सिस्टरकडे तान्ह्या बाळांची नळी होती. गाळलेली नागलीची, म्हणजे नाचणीची, पेज कोमट करायची, पिचकारीत भरायची. मी मॅडमला टॉवेलात गुंडाळून मांडीत धरायची, एका हाताने चोच उघडायची, सिस्टर नळी घालायच्या. नळी आत असताना पक्षी हिसडला किंवा हात सुटला तर पेज छातीत जाणार आणि तिथल्या तिथे संपणार. दिवसातून चार वेळा हे.

बाकीचा वेळ ती प्लास्टिकच्या टबात. खाली जुनी लुगडी, छातीखाली टॉवेलाची वळकटी, शेजारी गरम पाण्याची बाटली. दर तासाला कूस बदलायची, नाहीतर छातीच्या हाडाला जखम होते. टब मधल्या खोलीत, कारण बाहेर वारा. म्हणजे सिस्टरना दिवसभर छताखाली बसणं भाग. आणि आता ओरडून सांगणारं कुणी नव्हतं. जिने सांगायचं तीच टबात मान टाकून पडलेली.

सिस्टर टबाशेजारी बसल्या, पायात चपला, आणि शिट्टी गळ्यातून काढून तोंडात धरलेली. दिवसभर तशीच. श्वास सोडला की शिट्टी बारीक वाजायची. मी स्वयंपाकघरात असले तरी ऐकू यायचं, फी, फी. ऊन चढलं की नवे पत्रे तापून कट्‌ कट्‌ वाजायचे, दर आवाजाला शिट्टी थांबायची. मी पोळी लाटता लाटता थांबायची. मग पुन्हा फी, फी. असे तीन दिवस. मला वाटायचं शिट्टी बंद पडली तर काय, आणि मला वाटायचं, बदक मेलं तर बॅग खाटेखालीच आहे. आणि मला वाटायचं, कुणी माझी पेटी उघडली तर?

चौथ्या दिवशी, दुपारी, सांगायचंच असं मी ठरवलं होतं. पेज पाजून झाली की सांगायचं. मॅडम माझ्या मांडीत, चोच उघडी, नळी आत गेलेली. सिस्टरनी पिचकारी अर्धी दाबली होती. तेवढ्यात जमिनीच्या पोटातून तो आवाज आला.

मॅडम ओरडली नाही. कशी ओरडणार?

पेले खडखडले. पत्रे असे वाजायला लागले की जणू छतावरून कुणी खडी ओततंय. आणि मी उठले आणि पळाले.

हे मी फिरवून लिहू शकले असते. पळाले. मांडीतलं बदक टाकून, सिस्टरना टाकून, अंगणात. मी, जी इतकी वर्षं त्यांच्या चपलांना हसत होते. अंगणात पोचल्यावर पाय भाजायला लागले तेव्हा कळलं की आपण अनवाणी आहोत. मागे वळून पाहिलं तर सिस्टर नव्हत्या. शिट्टी नव्हती.

दारातून दिसल्या. जमिनीवर बसलेल्या, मॅडमला दोन्ही गुडघ्यांत धरलेलं, डावा हात चोचीशी, उजव्यात पिचकारी. पत्रे डोक्यावर थडथडत होते. शिट्टी मांडीवर पडली होती. त्या वर बघत नव्हत्या. बोलत होत्या, अगदी बाळंतिणीशी बोलायच्या त्या आवाजात, "हलू नका, मॅडम. झालं हं. हलू नका." उरलेली पेज दाबली नाही. नळी चिमटीत बंद केली आणि हळूहळू, बोट बोट, बाहेर काढली. नळीचं टोक बाहेर आलं तेव्हा जमीन थांबली होती.

मग त्या कापायला लागल्या. अशा की दात वाजलेले मला अंगणात ऐकू आले.

मी आत गेले. पाय ओढत गेले. त्यांच्यासमोर बसले आणि म्हणाले, "सिस्टर, मी..."

"आधी हात धुवा."

मी उठले. न्हाणीत जाऊन साबण लावून मिनिटभर हात धुतले. बोटांच्या मधले, नखांतले. परत येऊन सगळं सांगितलं. खड्डा, वायसर, ओंजळ, पेटी, तो एक शब्द. पळाले तेही, जरी त्यांनी पाहिलं होतं.

सिस्टर मॅडमच्या चोचीला लागलेली पेज पुसत होत्या. म्हणाल्या, "पहिल्या दिवशीच कळलं मला. डॉक्टर गेल्यावर मागे गेले होते. खड्ड्यात ताजी माती. तीस वर्षं बघते आहे, तुमच्या हातून काही सांडलं की तुम्ही आधी त्यावर माती टाकता, मग पुसता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही पेटी उचलून मुलीकडे गेला असता." त्यांनी टॉवेलाची घडी घातली. "मग मी आंघोळ कुणाच्या भरवशावर करायची?"

एवढंच झालं आमचं बोलणं. पडलेले पेले मी परत रचले.

सहाव्या दिवशी मॅडमच्या घाणीत वायसर निघाला, काळा पडलेला. सिस्टरनी तो उकळत्या पाण्यात टाकला, पुसला आणि माझ्या हातात दिला. "ठेवा. बाकीच्यांत." आठव्या दिवशी मान सरळ राहिली. दोन आठवड्यांनी तांदळाच्या डब्याचं झाकण वाजलं आणि टबात खुडबुड झाली. एका पायाने ती लंगडतच राहिली आणि आवाज गेला तो गेलाच, फाटका झाला, रॉकेलच्या डब्यातून बोलल्यासारखा. पण ओरडली. पहिल्यांदा ओरडली ती वहिनींच्या कोंबडीला. आम्ही दोघी बाहेर धावलो, सिस्टर पुढे, मी मागे. आता मीही चपला घालूनच असायची. वहिनी कुंपणापलीकडून म्हणाल्या, "काय झालं, सिस्टरबेन?"

"काही नाही. मॅडमना बरं वाटतंय."

सिस्टर मागच्या वर्षी गेल्या. दुपारी जेवून खाटेवर पडल्या आणि उठल्या नाहीत. जमीन हलली नव्हती, मॅडम ओरडली नव्हती, पेले जागेवर होते. पायात चपला होत्या. मी मनगट धरून पाहिलं, त्यांच्याच घड्याळात बघत, अख्खं मिनिट. मग उठून न्हाणीत गेले आणि आधी हात धुतले.

चिखल्याहून पुतण्या आला. मी पेटी भरून ठेवली होती. तो म्हणाला, "मावशी, पेटी कशाला? आत्याने मला त्याच वर्षी सांगून ठेवलंय, नुसती मागची खोली नाही, अख्खं घर तुमचं. तुम्ही आहात तोवर." कोणत्या वर्षी ते मी विचारलं नाही. पत्रे टाकले तेच वर्ष असणार. त्याला देव भिंतीवर लावून द्यायचे होते, खिळा-हातोडी घेऊन उभा होता. मी म्हटलं, राहू देत खालीच.

घड्याळ मी वापरते. आतल्या बाजूला बांधते. सवय नव्हती, लागली.

आता एकटीच आहे. न्हाणीला कडी लावत नाही. मॅडमला दाराबाहेर ओल्या फरशीवर बसवते आणि मग आत जाते. एक तांब्या ओतला की थांबते आणि विचारते, "मॅडम, आहात ना?"

बहुतेक वेळा तो फाटका आवाज येतो. एखाद्या दिवशी येत नाही. मग मी दुसऱ्या तांब्याची वाट बघत नाही, साबण अंगावर तसाच ठेवून, लुगडं गुंडाळून बाहेर येते.